नवा कॉम्पॅक्ट कॅमेरा हाती आल्यावर: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

नवा कॉम्पॅक्ट कॅमेरा घरी आला की पहिल्याच संध्याकाळी अनेकांचा हिरमोड होतो. गच्चीवर जाऊन एक फोटो कॅमेऱ्याने काढतात, तोच फोनने काढतात, आणि फोनचा फोटो जास्त उजळ आणि चटकदार दिसतो. कॅमेऱ्याच्या फोटोत आभाळ पांढरंफटक आणि झाडाखालचा माणूस काळवंडलेला. कॅमेरा परत करायला निघण्याआधी यामागचं कारण समजून घ्या. फोन एका क्लिकला मागोमाग अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ आवरतो, चेहरा गुळगुळीत करतो आणि मगच तुम्हाला दाखवतो. कॅमेरा साधारणपणे एकच फ्रेम घेतो. त्या फ्रेममध्ये उजेड किती घ्यायचा, फोकस कुठे ठेवायचा, हालचाल गोठवायची की वाहती दाखवायची, हे तुम्ही सांगायचं असतं. सांगितलं नाही तर तो सरासरी काढून मोकळा होतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात मेनूतली सगळी नावं पाठ करायच्या मागे लागू नका. कोणते निर्णय आता आपल्याकडे आले आहेत तेवढं ओळखा. त्यात खान्देशाच्या दोन गोष्टींची भर पडते, धूळ आणि ऊन. कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत त्या दोन ओळींत संपतात, आपल्याकडे मात्र कॅमेऱ्याचं आयुष्य त्यांच्यावरच ठरतं.

हातात नेमकं काय आलं आहे

या लेखात कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स न निघणारे, खिशात किंवा छोट्या पिशवीत मावणारे, पण मोठ्या सेन्सरचे (उजेड टिपणाऱ्या भागाचे) कॅमेरे. कॅनन जी ७ एक्स मार्क ३ मध्ये २४ ते १०० मिमीचा झूम आणि एफ/१.८ ते २.८ अशी लेन्स आहे. मिमीचा आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ येतं, एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. सोनी आरएक्स १०० मार्क ७ चा झूम २४ ते २०० मिमी, पण लेन्स एफ/२.८ ते ४.५, म्हणजे पोहोच जास्त आणि उजेड कमी. या दोघांत ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर असतो. प्रत्यक्षात त्याचं माप १३.२ × ८.८ मिमी आहे. स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ. रिको जीआर ३ आणि फुजीफिल्म एक्स १०० मालिकेत याहून मोठा, एपीएस-सी सेन्सर आहे, पण झूम नाही. रिकोची नजर २८ मिमीची, फुजीची ३५ मिमीची. पुढे यायचं असेल तर पायांनी यायचं.

खोका उघडल्यावर आधी तपासणी करा. तळावरचा सिरियल नंबर खोक्यावर आणि वॉरंटी कार्डावर तोच आहे का पाहा, आणि वॉरंटी भारतातली आहे की बाहेरून आणलेल्या मालाची, ते बिल हातात असतानाच विचारून घ्या. लेन्स सर्व्हिसला पाठवायची वेळ आली की याच कागदावर सगळं अडतं. मग कॅमेरा चालू-बंद करून लेन्सची नळी बाहेर येताना आणि आत जाताना आवाज सारखा येतो का ऐका. खरखर किंवा अडखळ वाटली तर त्याच दिवशी बदलून मागा. शेवटी कुठलीही काळी वस्तू आणि पांढरी भिंत असे दोन फोटो काढून पडद्यावर मोठे करून पाहा. रंगीत ठिपके किंवा डाग दिसायला नकोत.

मनगटाचा पट्टा त्याच वेळी लावा. हे कॅमेरे घसरगुंडे असतात आणि पडतात ते बहुतेक वेळा लेन्स बाहेर असताना.

बॅटरी आणि कार्ड

बॅटरी छोटी असते. ठरलेल्या चाचणीच्या पद्धतीने सोनी मार्क ७ सुमारे २६० फोटो देतो आणि रिको जीआर ३ सुमारे २००. वायफाय चालू, पडदा पूर्ण उजळ आणि मधूनमधून व्हिडिओ असा वापर असेल तर दुपारपर्यंतच लाल खूण दिसते. दुसरी बॅटरी पहिल्या दिवसापासून हवी, आणि कंपनीचीच हवी. नावाशिवायच्या स्वस्त बॅटऱ्या उन्हात फुगतात आणि कप्प्यात अशा अडकतात की कॅमेरा उघडावा लागतो. यूएसबी-सीवर चार्ज होणाऱ्या काही मॉडेल्सना पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचाच चार्जर लागतो. फोनचा जुना चार्जर लावल्यावर दिवा लागला नाही तर कॅमेरा बिघडला असं समजू नका, आधी चार्जर बदलून पाहा.

कार्ड ६४ जीबीचं, व्ही ३० खुणेचं, पूर्ण आकाराचं एसडी घ्या. मायक्रो कार्ड अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून वापरू नका; त्याचे संपर्क सैल पडतात आणि ऐन वेळी ‘कार्ड एरर’ येतो. २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) साधारण २० एमबी आणि जेपेग ७-८ एमबी होते, म्हणजे दोन्ही साठवून ६४ जीबीत दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. बाजारात बनावट कार्डं पुष्कळ आहेत. लेबलवर ६४ असतं, आत खरी जागा ८ किंवा १६ जीबीच असते, आणि त्यापुढचे फोटो साठवले गेल्यासारखे दिसतात पण उघडत नाहीत. नवं कार्ड एकदा संगणकावरून मोठ्या फाइलींनी पूर्ण भरा, सगळ्या फाइली उघडून पाहा आणि मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

मेनूत एकदाच करायचे बदल

पंधरा मिनिटांचं काम आहे, पण क्रमाने करा. तारीख आणि वेळ आधी, भारताचा +५:३० विभाग निवडून. फोटो नंतर तारखेनेच सापडतात. फोटोचा प्रकार रॉ + जेपेग ठेवा. सुरुवातीला जेपेगच वापराल, पण सहा महिन्यांनी रॉ उघडायला शिकाल तेव्हा जुने फोटो हाताशी असतील. डिजिटल झूम बंद करा, कारण तो फोटो कापून ताणतो, नवा तपशील आणत नाही. बीप आणि फोकसचा नारिंगी दिवा बंद करा. कीर्तनात, देवळात, लग्नाच्या विधीत दोन्ही खुपतात. टच शटरही बंद, नाहीतर पडद्याला नाक लागून जमिनीचे फोटो निघतात.

पडद्यावर तीन गोष्टी चालू करा: नऊ चौकटींची जाळी, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) आणि जास्त उजळलेल्या भागाचा इशारा. हा इशारा काही कॅमेऱ्यांत चालत्या पट्ट्यांनी येतो, काहींत फोटो काढल्यावर तो भाग लुकलुकतो. सोनीत या पट्ट्यांची पातळी १०० च्या वर ठेवा. खाली ठेवली तर प्रत्येक गोऱ्या कपाळावर पट्ट्या दिसतात आणि आठवडाभरात तुम्ही त्यांच्याकडे पाहणंच सोडून देता.

आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा, पण वरची मर्यादा घाला: एक इंची सेन्सरला ३२००, एपीएस-सीला ६४००. ऑटो आयएसओच्या आतच किमान शटरवेग (उजेड आत घ्यायचा वेळ) ठरवायची सोय बऱ्याच मॉडेल्समध्ये असते. तिथे १/१२५ सेकंद निवडा. नवशिक्यांचे सर्वांत जास्त फोटो वाया जातात ते हललेल्या माणसांमुळे. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, पण पळणारं पोर थांबवू शकत नाही. दाणे दिसणारा फोटो चालतो, हललेला नाही.

व्ह्यूफाइंडर असेल तर त्याच्या शेजारचं छोटं डायॉप्टर चाक फिरवून आतली अक्षरं स्पष्ट दिसतील असं करा. चष्मा लावून पाहणार असाल तर चष्म्यासहच करा. मे महिन्याच्या उन्हात मागचा पडदा जवळजवळ काळा दिसतो, तेव्हा व्ह्यूफाइंडरच कामी येतो. तो नसेल तर पडद्याचा उजेड ‘सनी’ किंवा कमाल पातळीवर न्या आणि घरी आल्यावर परत खाली आणा.

डायल हिरव्यावरून हलवा

हिरव्या ऑटोवर कॅमेरा तुमचे बहुतेक बदल बाजूला ठेवतो. डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर आणा. इथे अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) तुम्ही देता, शटर कॅमेरा जुळवतो. एक इंची सेन्सरला दिवसा एफ/४ हा चांगला मुक्काम आहे. एफ/५.६ पर्यंत धार टिकते, एफ/८ ला थोडी मऊ होते, एफ/११ ला डोळ्यांना जाणवेल इतकी. मोठ्या कॅमेऱ्याच्या पुस्तकांत निसर्गदृश्यासाठी एफ/११, एफ/१६ सांगतात, तो आकडा इथे लावू नका. छोट्या सेन्सरला एफ/४ लाच जवळच्या बांधापासून मागच्या सातपुड्यापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं, आणि अ‍ॅपर्चर फार लहान केलं की उजेड कडांवर पसरून सगळा फोटो धुरकट होतो.

उलट टोकही ध्यानात ठेवा. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद, हे फिल्मच्या काळापासूनचं गणित. त्याच उन्हात एफ/४ ला १/१६०० लागतो, आणि एफ/१.८ ला जवळजवळ १/८०००. बऱ्याच कॉम्पॅक्टचं यांत्रिक शटर १/२००० लाच थांबतं. दुपारी एफ/१.८ वर फोटो पांढरा पडतो त्याचं कारण हेच. अ‍ॅपर्चर एफ/४ करा, किंवा कॅमेऱ्यात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर असेल तर तो चालू करा. कॅनन जी ७ एक्स मार्क ३ मध्ये तो तीन स्टॉपचा आहे (दर स्टॉपला उजेड निम्मा), रिको जीआर ३ मध्ये दोनचा. पावसाळ्यात पाटणादेवीजवळच्या धबधब्यांचं पाणी रेशमासारखं वाहतं दाखवायलाही हाच फिल्टर: १/६० चा १/८ होतो. कॅमेरा दगडावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

मीटर कुठे फसतो: कापूस, मिरची, काळी जमीन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. खान्देशातली निम्मी दृश्यं तशी नसतात.

वेचणीनंतर अंगणात किंवा जिनिंगमध्ये पडलेला कापसाचा ढीग घ्या. चौकट पांढऱ्याने भरली की मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो अंधारा करतो आणि कापूस मळकट राखाडी येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो उजळ किंवा अंधारा करायचं) चाक +२/३ वर आणा, फोटो काढा, लुकलुकणारा भाग पाहा. काहीच लुकलुकत नसेल तर +१ करा. ढिगाचा एखादाच उन्हातला कंगोरा लुकलुकत असेल तर चालेल. ढीगभर लुकलुकाट झाला तर तंतू दिसेनासे झाले म्हणून समजा, एक पायरी खाली या. पांढरं धोतर-टोपी घातलेले बाबा उन्हात उभे असतील तर पुन्हा वेगळं: मागे काळं शेत असेल तर मीटर चौकट उजळवतो आणि टोपी जळते. तिथे −२/३ लागतं आणि चेहऱ्यासाठी फ्लॅशची मदत.

नांगरलेली काळी जमीन याच्या उलट. चौकटभर काळी माती असली की कॅमेरा तिला राखाडी करून टाकतो, ओल्या ढेकळांची चमक जाते. −२/३ ते −१ ठेवा.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या हे सर्वांत अवघड आणि शिकायला सर्वांत चांगलं दृश्य. हिवाळ्यात मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली असते. साधा हिस्टोग्राम पाहिला तर सगळं ठीक दिसतं, लुकलुकाट नाही, पण घरी पडद्यावर मिरच्या एकमेकींत वितळून लाल रंगाचा सपाट गोळा झालेला असतो. यामागचं कारण असं की साधा हिस्टोग्राम एकूण उजळपणा दाखवतो आणि त्यात हिरव्या रंगाचं वजन जास्त असतं. लाल वाहिनी एकटीच काठोकाठ भरून वाहून गेली तरी तिथे कळत नाही. उपाय क्रमाने असा: हिस्टोग्राम लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा निवडा, रंगशैली ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘न्यूट्रल’ करा, कारण व्हिव्हिड लालला आणखी ढकलतं, मग −२/३ पासून सुरू करून लाल आलेखाचं टोक उजव्या भिंतीपासून सुटेपर्यंत खाली या. बहुतेकदा −१ ला काम होतं. फोटो पडद्यावर जरा काळोखा वाटेल, घाबरू नका. मिरचीची देठं आणि सुरकुत्या त्यातच शिल्लक असतात. सकाळी आठच्या आत गेलात तर तिरप्या उन्हात प्रत्येक मिरचीची सावली पडते आणि ढिगाला उंचसखलपणा येतो. पथारीवर काम करणाऱ्यांना आधी विचारा, आणि वारा मिरचीवरून तुमच्याकडे येईल असे उभे राहू नका: मिरचीची पूड डोळ्यांना जेवढी वाईट तेवढीच लेन्सच्या नळीलाही.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीच्या बागेत अडचण रंगाची. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि घड कापणाऱ्या माणसाचा चेहरा आजारी दिसतो. उजेडाची रंगछटा सावरणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला हे पूर्ण जमत नाही. व्हाइट बॅलन्सच्या आत रंग सरकवण्याची जाळी असते. तिथला ठिपका हिरव्यापासून मॅजेंटाकडे दोन घरं न्या. बागेबाहेर पडताना तो परत मध्यावर आणायचा, नाहीतर पुढचं सगळं गुलाबी.

भर दुपारी फ्लॅश

जळगाव २१ अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली काळी मिशी, टोपीखाली काहीच नाही. माणसांचे फोटो सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतर काढावेत हे खरं, पण आखाजीचे झोके आणि आंब्याखालच्या पंगती घड्याळ पाहून होत नाहीत.

इथे कॉम्पॅक्ट मोठ्या कॅमेऱ्यांना मागे टाकतो. यातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये लेन्सच्या आत पाकळ्यांचं शटर असतं, त्यामुळे फ्लॅश १/१००० सारख्या वेगालाही जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांत साधारण १/२०० च्या पुढे खास सोय लागते. म्हणून भर उन्हात फ्लॅश उघडा, ‘फिल’ किंवा सक्तीने चालू ठेवा, फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन −१ करा आणि माणसापासून दीड मीटरवर उभे राहा. डोळ्यांत उजेड येतो, फ्लॅश मारल्याचं कळतही नाही. तीन मीटरच्या पुढे या चिमुकल्या फ्लॅशचा उन्हात उपयोग नाही. फ्लॅश पेटतच नसेल तर इलेक्ट्रॉनिक शटर किंवा ‘सायलेंट’ चालू आहे का पाहा, तेच कारण असतं. रिको जीआर ३ मध्ये फ्लॅशच नाही, तिथे माणसाला सावलीच्या कडेला, उन्हाकडे तोंड करून उभं करा.

फोकस, जवळचे फोटो आणि मागची धूसरता

बटण अर्धं दाबायची सवय लावा: अर्धं दाबलं की हिरवी चौकट, मग पूर्ण. एका दमात दाबलं की फोकस व्हायच्या आत हात हलतो. माणसांसाठी चेहरा आणि डोळा ओळखणारा फोकस, इतर वेळी मधला एकच बिंदू. सगळ्या चौकटीचा ऑटो फोकस जवळच्या वस्तूला धरतो, आणि ती बहुधा कुंपणाची तार असते.

‘मागचं धूसर येत नाही’ ही नेहमीची तक्रार. एक इंची सेन्सरवर २४ मिमीला एफ/१.८ ठेवूनही पार्श्वभूमी फारशी विरघळत नाही. झूम १०० मिमीला न्या, एफ/२.८ ठेवा, चेहऱ्यापासून एक-सव्वा मीटरवर या, आणि माणसाच्या मागे निदान पाच-सात मीटर मोकळं ठेवा. भिंतीला पाठ टेकवून उभ्या माणसामागे काही धूसर होणार नाही.

केळफूल किंवा बोंडावरची अळी टिपायची असेल तर उलट करा. सर्वांत जवळून फोकस होतो तो झूम आत घेतल्यावर. जी ७ एक्स मार्क ३ मध्ये रुंद टोकाला ५ सेंटिमीटरवरून, झूमच्या टोकाला मात्र ४० सेंटिमीटर लागतात. जवळ गेल्यावर चौकट हिरवी होत नसेल तर झूम आत घ्या.

कानबाई, काठीची होळी, सारंगखेडा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागर चालतो. समया, एलईडीच्या माळा आणि ट्यूबलाइट असा तिन्ही प्रकारचा उजेड एका खोलीत. झूम अजिबात लावू नका. लेन्सचा सर्वांत मोठा डोळा रुंद टोकालाच असतो, पुढे गेलात की एफ/१.८ चा २.८ होतो, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी. फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर ते एलईडीचं लुकलुकणं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होतात. शटर यांत्रिक ठेवा आणि वेग १/१०० किंवा १/५०. पट्टे बहुतेक जातात.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत रात्रभर नाच आणि पहाटे आग. ऑटो व्हाइट बॅलन्स ज्वाळांचा केशरी रंग धुऊन टाकतो, म्हणून तो ‘ऊन’ या खुणेवर पक्का करा. ज्वाळा चौकटीत असतील तर −१, आगीच्या उजेडातले चेहरे घ्यायचे असतील तर ज्वाळा चौकटीबाहेर ठेवून ०. फ्लॅश बंद. नाचणाऱ्यांतले बरेच जण व्रत पाळून आलेले असतात. समोर वाकून, वाट अडवून फोटो काढू नका आणि जवळून घ्यायचा तर इशाऱ्याने विचारा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, दत्तजयंतीच्या सुमारास, डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर न्या. नाचणाऱ्या घोड्याला १/५००, दौडणाऱ्याला १/१०००, फोकस सतत चालणारा आणि फोटो सलग. इलेक्ट्रॉनिक शटर इथे टाळा. बहुतेक कॅमेरे त्यात चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात, त्यामुळे दौडते पाय वाकडे आणि धावत्या रेल्वेचे डबे तिरपे येतात.

धूळ

कॉम्पॅक्ट मरतो तो बहुधा धुळीने. झूमची नळी बाहेर येताना आत हवा ओढते, आणि हवेबरोबर आलेली माती सेन्सरवर बसते. लेन्स निघत नाही, म्हणून ती घरी साफ करता येत नाही. सर्व्हिस सेंटरला सगळं उघडावं लागतं आणि बिल मोठं येतं. यातल्या बहुतेक मॉडेल्सना धूळ-पाण्याचं संरक्षण नसतं.

धुळीच्या जागी शिरण्याआधी झूम ठरवा आणि तिथे असेपर्यंत तोच ठेवा. मधे फोटो काढायचे नसतील तर कॅमेरा बंद करून झिपच्या पिशवीत. बंद करण्याआधी नळीवरून मऊ ब्रश फिरवा, कारण नळीवरची माती ती आत जाताना स्वतःबरोबर नेते. रबरी फुग्याने फुंकायचं असेल तर लेन्स खाली तोंड करून धरा. कंप्रेसरची किंवा डब्यातली जोरदार हवा कधीच नाही, तिने धूळ फटीतून आत ढकलली जाते. जिनिंगमध्ये हवेत उडणारे कापसाचे तंतू लेन्सवरच्या झाकणाच्या पात्यांत अडकतात आणि पातं अर्धवट उघडतं. चिमट्याने तंतू काढा, पातं बोटाने ढकलू नका. खिशात किंवा गच्च पिशवीत बटण दाबलं जाऊन नळी अडली तरी तसंच: ‘लेन्स एरर’ आला तर बॅटरी काढून पुन्हा घाला, एकदाच. नळी ओढून बाहेर काढली की आतले प्लॅस्टिकचे दाते जातात.

महिन्यातून एकदा तपासा. अ‍ॅपर्चर सर्वांत लहान, मोकळ्या आभाळाचा फोटो, मग मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. गोल करडे ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी असतील तर ती आतली धूळ. एफ/४ ला ते दिसत नसतील तर घाई नको, वॉरंटी संपण्याआधी मात्र साफ करून घ्या.

पारा चाळीशीपार

कंपन्या कॅमेऱ्याची चालण्याची मर्यादा बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस देतात. भुसावळ, जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि उन्हात ठेवलेलं काळं धातूचं शरीर त्याहून बरंच तापतं. पडद्यावर थर्मामीटरची खूण आली की ऐकायचं: बंद करा, बॅटरी काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये किंवा कूलरसमोर ठेवू नका, आत दव धरतं.

४के व्हिडिओत कॅमेरा सर्वांत जास्त तापतो. लहान शरीरातून उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून काही मॉडेल्स ४केचं एक रेकॉर्डिंग मुळातच पाच-दहा मिनिटांत थांबवतात, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याआधीही. लग्नाच्या वरातीसाठी १०८० वर या, दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्या, पडदा कॅमेऱ्याच्या शरीरापासून दूर उघडून ठेवा. फोटोंच्या मधल्या वेळात पांढऱ्या सुती रुमालाने झाका. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा किंवा सुटी बॅटरी ठेवू नका, एका दुपारीत बॅटरी फुगते.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. आपल्याकडे उन्हाळाभर घरात पाण्याचा कूलर चालतो, खोलीतली हवा सतत दमट असते. कॅमेरा त्याच खोलीतल्या कपाटात कापडी पिशवीत राहिला तर पुढे पावसाळा मिळून लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, रंग बदलणारं सिलिका जेल ५० ग्रॅम कापडी पुडीत बांधून आत ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर पहिला रंग येईपर्यंत गरम करून, थंड करून परत ठेवा. निळे दाणे मिळतात ते टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, केशरी घ्या. आणि गरम करायला जुना तवा वेगळा ठेवा, भाकरीचा नको.

घरी आल्यावर

त्याच दिवशी कार्ड रीडरने फोटो संगणकावर घ्या. कॅमेऱ्याचं वायफाय अ‍ॅप दोन-चार फोटो लगेच पाठवायला ठीक, दोनशे फोटोंसाठी नाही. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस आणि गाव असं द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. रॉ उघडायला डार्कटेबल किंवा रॉ थेरपी मोफत मिळतात. सुरुवातीला तीनच पट्ट्या हलवा: एक्स्पोजर, सावल्या आणि उजळ भाग. पहिल्या संध्याकाळी काळवंडलेला वाटलेला गच्चीवरचा फोटो रॉमधून उघडून सावल्या वर ओढून पाहा. फोनने जे स्वतःहून केलं ते इथे हवं तितकंच करता येतं. पांढरं झालेलं आभाळ मात्र थोडंच परत येतं, म्हणून शंका असेल तेव्हा फोटो जरा अंधारा घ्या.

मग दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन्ही प्रतींतले पहिले, मधले आणि शेवटचे फोटो उघडून पाहा, आणि त्यानंतरच कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. चुकून आधी फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर बहुतेक फोटो परत काढून देतं, पण त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तरच.